ढगांच्या माथी फोडलेले खापर

सत्ताधाऱ्यांना आपल्या नाकर्तेपणावर पांघरूण घालण्यासाठी प्रत्येक काळात एखादे सोयीस्कर दैवत सापडत असते. एके काळी दुष्काळ पडला की वरुणराजा रुसला असे सांगितले जाई. स्वातंत्र्यानंतर सरकारी अहवालांत 'लहरी मोसमी पाऊस' हा शब्दप्रयोग रूढ झाला. आता मंत्र्यांच्या भाषणांत आणि अधिकाऱ्यांच्या सादरीकरणांत 'हवामानबदल' या नव्या दैवताची प्रतिष्ठापना झाली आहे. पाणी आले नाही तर हवामानबदल, पाणी घरात शिरले तर हवामानबदल, धान वाळले तर हवामानबदल आणि संत्र्याची फळे गळाली तरी हवामानबदल! ज्याच्यावर खटला भरता येत नाही, ज्याला निवडणुकीत पाडता येत नाही आणि ज्याच्या कार्यालयावर मोर्चा नेता येत नाही, असा हा आदर्श आरोपी आहे.

नागपूरच्या अलीकडच्या इतिहासातील दोन प्रसंग या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहेत. जुलै २०१९ मध्ये महानगरपालिकेने नागपूर शहराचा पाणीपुरवठा आठवड्यातील तीन दिवस बंद ठेवला. शहराची तहान प्रामुख्याने ज्या पेंच प्रकल्पावर भागते, त्यातील तोतलाडोहचा जलाशय मृतसाठ्यापर्यंत खाली गेला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तोच जलाशय तुडुंब भरला आणि त्याचे दरवाजे उघडावे लागले. पुढे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलीमीटरहून अधिक पाऊस नागपूरवर कोसळला, अंबाझरी तलावाचा सांडवा ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली, हजारो घरांत पाणी घुसले आणि माणसे दगावली. एकाच शहराने चार वर्षांच्या अंतराने कोरडे नळ आणि बुडालेली घरे अशी दोन्ही टोके अनुभवली. दोन्ही वेळा अधिकृत स्पष्टीकरण मात्र एकच होते: निसर्गचक्र बिघडले आहे.

हे स्पष्टीकरण विज्ञान म्हणून खरे आहे. राजकारण म्हणून ते धादांत खोटे आहे. या दोन विधानांतील भेद नीट समजून घेतला नाही, तर समाजवादी चळवळीतील कार्यकर्तेही नकळत सत्ताधाऱ्यांच्या भाषेत बोलू लागतील.

विज्ञान काय सांगते

हवामानबदल हे भांडवलदार देशांनी रचलेले थोतांड आहे, असे मानणारी काही मंडळी डाव्या वर्तुळातही अधूनमधून भेटतात. त्यांचा भ्रम आधी दूर केला पाहिजे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, त्याला पक्ष नसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या प्रवाहांतील वाढते चढउतार हे त्याचे प्रमुख कारण सांगितले गेले. याच काळात या पट्ट्यातील मोसमी पावसाची एकूण मात्रा वाढलेली नाही. तिचा कल घटीकडेच होता. याचा साधा अर्थ असा की, पूर्वी जो पाऊस चार महिन्यांत झिमझिमत, मुरत पडे, त्यातला मोठा हिस्सा आता थोड्या दिवसांत धो-धो कोसळून वाहून जातो आणि मधले दिवस कोरडे जातात.

विदर्भाच्या भूगर्भाला हा बदल विशेष जाचक आहे. नागपूर शहर ज्या जागी वसले आहे तेथे दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वसीमा येते. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट आणि पूर्वेला प्राचीन कठीण खडक आहेत. दोन्ही खडकांची पाणी मुरवून घेण्याची गती संथ आणि साठवणूक मर्यादित. दहा दिवसांचा पाऊस दहा तासांत पडला तर विहिरीला त्याचा उपयोग नाही; तो नाल्याने नदीला आणि नदीने समुद्राला जातो.

शेतकऱ्याला हे कोणत्याही अभ्यासाआधी कळले आहे. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यातील संत्रा बागायतदार आंबिया बहार धरण्यासाठी हिवाळ्यात झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतो. नेमक्या त्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला की ताण मोडतो आणि बहार बिघडतो. पुढे मे महिन्याच्या झळांनी फळगळ होते. ती थांबवावी म्हणून तो आणखी खोल विंधण विहीर घेतो आणि ज्या पट्ट्यात भूजलाचा उपसा आधीच मर्यादेबाहेर गेला आहे, तेथे पाणी आणखी खाली जाते. पूर्वेकडे रामटेक, मौदा, भंडारा, गोंदिया भागातील धान उत्पादकाचे पऱ्हे रोवणीसाठी तयार असतात तेव्हा पावसाचा खंड पडतो आणि धान कापून शेतात पडलेले असते तेव्हा पाऊस येतो. कोराडीच्या चिमण्यांतून निघणाऱ्या धुरात या दोघांचाही वाटा नगण्य आहे. जगाच्या पातळीवर जो अन्याय औद्योगिक राष्ट्रे गरीब राष्ट्रांवर करतात, त्याचीच छोटी आवृत्ती प्रत्येक जिल्ह्यात घडते आहे.

हवामानबदलाचे हे सत्य मान्य केल्यावरच खरा प्रश्न सुरू होतो. हवामान बदलल्याने पाण्याची अनिश्चितता वाढते, परंतु त्या अनिश्चिततेचा भार कोणी वाहायचा, हे ढग ठरवीत नाहीत. ते मंत्रालयात, समित्यांच्या बैठकांत आणि करारांच्या कलमांत ठरते. तुटीच्या वर्षी कोणाचे पाणी आधी तोडले जाते आणि कोणाचे शेवटपर्यंत अबाधित राहते, यातून त्या समाजाची वर्गरचना उघडी पडते.

पेंचचा ताळेबंद

पेंच प्रकल्पाचे उदाहरण घ्यावे. पेंच नदी मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते. तिच्या पाणीवाटपाबाबत १९६४ साली दोन राज्यांत करार झाला. त्यानंतर महाराष्ट्राच्या बाजूला तोतलाडोह आणि नवेगाव खैरी येथे जलाशय उभे राहिले आणि नवेगाव खैरीच्या दोन्ही कालव्यांवर सुमारे एक लाख हेक्टर जमिनीचे सिंचन अपेक्षित धरण्यात आले. प्रकल्पाचा मूळ हेतू शेती आणि वीज हा होता. त्यावर हळूहळू नागपूर शहराचे आणि कोराडी, खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांचे आरक्षण चढत गेले. गेल्या दशकात मध्य प्रदेशाने आपल्या हिश्शाच्या बळावर वरच्या अंगाला चौराई धरण पूर्ण केले आणि तोतलाडोहात येणारा ओघ आटला.

येथे काही वृत्तपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी 'मध्य प्रदेशाने नागपूरचे पाणी पळवले' अशी आरोळी ठोकली. प्रांताभिमानाची ही आरोळी सोपी आहे आणि म्हणूनच ती टाळली पाहिजे. छिंदवाड्याचा अल्पभूधारक हा मौद्याच्या अल्पभूधारकाचा शत्रू नव्हे. नदी राज्याची सीमा ओळखत नाही आणि वरच्या बाजूच्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही सिंचनाचा हक्क आहे. खरा दोष असा की, चौराई होणार हे पुष्कळ आधीपासून ठाऊक असताना महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याने पेंचच्या पाण्यावर एकामागून एक हक्कदार बसवले. जुन्या नोंदींच्या सरासरीवर पाण्याचे हिशेब मांडले गेले आणि ती सरासरीच बदलते आहे याकडे काणाडोळा झाला. तिजोरीत शंभर रुपये असताना दीडशे रुपयांच्या हुंड्या लिहून देणाऱ्या सावकाराचे दिवाळे वाजले, तर त्याला कोणी हवामानबदल म्हणत नाही.

दिवाळे वाजल्यावर कोणाच्या हुंड्या नाकारल्या गेल्या? शहराचे आणि वीज केंद्रांचे आरक्षण आधी वेगळे काढले गेले. उरलेच तर कालव्यात सोडायचे असा शिरस्ता पडला. पारशिवनी, रामटेक, मौदा भागातील धान उत्पादकांना तुटीच्या वर्षांत, ज्या धरणासाठी कालवे खोदले गेले त्याच धरणाच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. शेतीची कपात आधी होते, कारण शेतकऱ्याच्या पाण्यामागे करारपत्र नसते. कारखान्याला आणि वीज केंद्राला पाणी पुरवण्याचा लेखी करार असतो, शहराचे आरक्षण शासन निर्णयाने ठरलेले असते; कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याकडे केवळ आशा असते. त्यातही मालक शेतकऱ्याला कधी तरी पंचनाम्याचे चार पैसे मिळतात. रोवणीची मजुरी बुडालेल्या बाईची नोंद कोणत्याच पंचनाम्यात होत नाही.

हा योगायोग नव्हता, ते धोरण होते. २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला दुसरा आणि शेतीला तिसरा क्रमांक दिला. जलसंपदा मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने या काळात सिंचनाचे पाणी उद्योगांकडे वळवण्याचे निर्णय घेतले. नागपूरच्या शेजारी अमरावती जिल्ह्यातील ऊर्ध्व वर्धा प्रकल्प हा त्याचा ठळक दाखला होय. त्या धरणातील ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी नांदगावपेठच्या खासगी औष्णिक वीज प्रकल्पाला मंजूर झाले आणि त्यामुळे सुमारे २३ हजार हेक्टर सिंचनावर पाणी सोडावे लागणार होते. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर पोहोचले होते, त्याच जिल्ह्यात हे घडले. लोकांनी आंदोलन केले, न्यायालयात दाद मागितली. शासनाचे उत्तर काय होते? महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात एप्रिल २०११ मध्ये दुरुस्ती करून आधीच्या पाणीवाटपांना पूर्वलक्षी प्रभावाने संरक्षण देण्यात आले. पुढच्याच महिन्यात मंत्रिमंडळाने शेतीला पुन्हा दुसरा क्रमांक देण्याचा निर्णय घेतला. चोरीचा माल पचल्यानंतर दाराला कुलूप लावण्याचाच हा प्रकार!

कोळशाचा दुहेरी डल्ला

पाण्याच्या या लुटीचे एक अंग हवामानबदलाशी थेट जोडलेले आहे, ते म्हणजे कोळशाची वीज. कोळसा जाळणारे केंद्र हवा तापवून पाऊस बिघडवते आणि त्याच वेळी बिघडलेल्या पावसातून जे पाणी हाती लागते त्यावर पहिला हक्क सांगते. नागपूर जिल्ह्यात कोराडी आणि खापरखेडा ही राज्याची आणि मौदा येथील राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे २,३२० मेगावॉटचे, अशी मोठी केंद्रे काही कोसांच्या अंतरात उभी आहेत. तरीही कोराडीला प्रत्येकी ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि २९ मे २०२३ रोजी ऐन उन्हाळ्यात त्याची जनसुनावणी झाली.

या दोन संचांचा हिशेब शाळकरी मुलालाही मांडता येईल. नव्या औष्णिक केंद्रांसाठी केंद्र शासनाने २०१८ साली ठरवून दिलेली पाणीवापराची कमाल मर्यादा एका मेगावॉट-तासाला तीन घनमीटर, म्हणजे एका युनिटला तीन लिटर अशी आहे. १,३२० मेगावॉटचे संच ऐंशी टक्के क्षमतेने चालले तर त्या मर्यादेनुसार दिवसाला सुमारे साडेसात कोटी लिटर पाणी लागेल. माणशी १३५ लिटर या शहरी पाणीपुरवठ्याच्या मानकाने पाहिले, तर साडेपाच लाख नागरिकांची ती रोजची गरज होते.

यावर ठरलेले उत्तर असे की, कोराडीला शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरले जाते. भांडेवाडीच्या प्रकल्पातून असे पाणी कोराडीला जाते हे खरे आहे, आणि धरणाच्या ताज्या पाण्यापेक्षा ते शतपटीने बरे, हेही मान्य केले पाहिजे. परंतु सांडपाणी बेवारशी नसते. ते शुद्ध करून नाग नदीत सोडले, तर खालच्या गावांना आणि नदीला जीवदान मिळू शकते. आज नाग नदीची घाण कन्हानमार्गे वैनगंगेत आणि तेथून गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन साचते. शुद्ध झालेले पाणी कोळशाच्या शीतमनोऱ्यांतून वाफ होऊन उडून जावे आणि शुद्ध न झालेले भंडाऱ्याच्या गावांनी प्यावे, ही वाटणी कोणत्या न्यायाची?

शिवाय राखेचा प्रश्न निराळाच. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या बंधाऱ्याला भगदाड पडले आणि राखेचा चिखल शेतांत, कोलार नदीत आणि पुढे कन्हानमध्ये गेला. शहराला ज्या नदीतून पाणी पुरवले जाते तिच्यातच राख मिसळली. बांध जुन्या पावसाच्या हिशेबाने बांधायचा, पाऊस मात्र नव्या हिशेबाने पडणार आणि फुटल्यावर अतिवृष्टीकडे बोट दाखवायचे. या निष्काळजीपणाला नैसर्गिक आपत्ती म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे.

शहराची तहान आणि शहराचा पूर

'पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम' या तत्त्वाला कोणीही समाजवादी विरोध करणार नाही. पण त्या तत्त्वाच्या पदराखाली बरेच काही झाकले जाते. शहराच्या आरक्षणातले प्रत्येक थेंब पाणी पिण्याचे नसते. फुटक्या वाहिन्यांतून गळणारे, हिशेबात न येणारे, हिरवळींवर आणि मोटारींवर शिंपडले जाणारे पाणीही त्याच 'पिण्याच्या' रकान्यात बसते आणि मौद्याच्या धानाला मागे सारते.

ही गळती थांबवून चोवीस तास पाणी देण्याचे वचन देत नागपूर महानगरपालिकेने २०१२ साली शहराचा पाणीपुरवठा पंचवीस वर्षांच्या कराराने खासगी व्यवस्थापनाकडे सोपवला. फ्रान्समधील व्हेओलिया आणि नागपूरची विश्वराज यांच्या संयुक्त कंपनीला तो मिळाला. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतील सार्वजनिक पैसा त्यात ओतला गेला. पाच वर्षांत संपूर्ण शहराला चोवीस तास पाणी मिळायचे होते. सात वर्षांनी, २०१९ मध्ये, आठवड्यातले तीन दिवस नळ कोरडे राहिले. कंपनी धरण भरू शकत नाही हे खरेच. पण मग 'चोवीस तास' हा शब्द करारात घालताना धरणाची स्थिती कोणी पाहिली होती काय? विशेष असे की, ज्या पॅरिस शहरात व्हेओलियाची मुळे रुजली, त्या शहराने १ जानेवारी २०१० पासून आपला पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडून काढून पुन्हा सार्वजनिक संस्थेकडे घेतला. पॅरिसने जे टाकले ते नागपूरने दोन वर्षांनी डोक्यावर घेतले.

पुराची कथा याहून वेगळी नाही. नागपूर हे तलावांचे शहर होते. गोंड राजे आणि भोसले यांच्या काळात येथे तलाव बांधले गेले; इंग्रजी अमदानीत अंबाझरी आणि पुढे गोरेवाडा येथून शहराला पाणी मिळाले. हे तलाव पाणी साठवीत आणि पुराचा जोरही पोटात घेत. नंतर ले-आउटांची भूक वाढली. नाईक तलाव, लेंडी तलाव आक्रसत गेले, नाल्यांवर स्लॅब पडले, नाग नदीला भिंतींच्या कोंडवाड्यात घातले गेले. २०२३ च्या पुरानंतर अंबाझरीच्या सांडव्यासमोरील बांधकामाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, तोही नागरिकांनी नेला म्हणून. त्या पहाटे नदीकाठच्या झोपडपट्ट्यांबरोबर सुखवस्तू मध्यमवर्गाच्या वसाहतीही बुडाल्या. झोपडीवासी दर पावसाळ्यात जे भोगत होते त्याची दखल मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पाणी शिरल्यावर घेतली गेली, यातही वर्गव्यवस्थेचा धडा आहे.

महाप्रकल्पांचे मृगजळ

हवामानबदलाचा दुसरा उपयोग सत्ताधाऱ्यांना सापडला आहे. अपयश झाकण्यासाठी तो ढाल आहे, तसाच नवी कंत्राटे काढण्यासाठी तो मुहूर्तही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्दचे पाणी सव्वाचारशेहून अधिक किलोमीटर अंतर कापून बुलढाणा जिल्ह्यापर्यंत न्यायचे, सुमारे पावणेचार लाख हेक्टर भिजवायचे आणि त्यासाठी ८७ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च करायचा, अशी ही योजना आहे.

पश्चिम विदर्भाची तहान खरी आहे, तिची थट्टा होता कामा नये. पण ज्या गोसीखुर्दमधून हे पाणी उचलायचे, त्याचा इतिहास काय सांगतो? या प्रकल्पाला १९८३ साली मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत ३७२ कोटी रुपये होती. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. किंमत १८ हजार कोटींच्या पुढे गेली, शेकडो गावांना विस्थापनाची झळ बसली आणि पस्तीस वर्षांनंतरही ठरलेल्या अडीच लाख हेक्टरांपैकी सर्वांना पाणी पोहोचले नव्हते. २०१२ साली गाजलेल्या सिंचन प्रकरणात विदर्भातील प्रकल्पांच्या वाढलेल्या किमतींचीच चर्चा होती. आपल्याच लाभक्षेत्राला पाणी न देऊ शकलेले धरण आता शेकडो किलोमीटर दूरच्या शेताला पाणी देणार, यावर शेतकऱ्याने विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारे?

वैनगंगेत 'जादा' पाणी आहे, हे या योजनेचे गृहीतक आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टी आणि संजय सरोवराचा विसर्ग यांमुळे वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा ते गडचिरोली गावे बुडाली. तेही 'जादा' पाणीच होते. पण चार दिवसांत वाहून जाणारा लोंढा कोणत्याही कालव्यात मावत नाही, आणि ज्या वर्षी वऱ्हाडात पाऊस दगा देतो त्या वर्षी वैनगंगेच्या खोऱ्यात तो हात सैल सोडीलच, याची हमी बदलत्या हवामानात कोणी द्यावी?

यावर चळवळीतीलच काही जुने सहकारी म्हणतील, विदर्भाचा सिंचन अनुशेष भरून निघायचा तर मोठ्या प्रकल्पांना विरोध करून कसे चालेल? प्रादेशिक असमतोलाच्या प्रश्नावर दांडेकर समितीने १९८४ साली अहवाल दिला, तेव्हापासून अनुशेषाची मागणी न्याय्य ठरलेली आहे. ती सोडण्याचे कारण नाही. मात्र अनुशेष जर खर्च झालेल्या कोटींत आणि कागदावर निर्माण झालेल्या सिंचनक्षमतेत मोजला, तर तो कंत्राटदाराचाच भरून निघतो. तो मोजायचा तर प्रत्यक्ष भिजलेल्या रानात मोजला पाहिजे.

पूर्वजांचे भांडार, वर्तमानाचे कर्तव्य

पूर्व विदर्भात पाण्याचे फार मोठे भांडार धूळ खात पडले आहे. गोंड राजवटीत आणि नंतर कोहळी समाजाच्या कौशल्यातून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या जिल्ह्यांत हजारो तलाव आणि बोड्या बांधल्या गेल्या. आजही नोंदीत असलेल्या माजी मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांच्या वर आहे. मालगुजारी नष्ट करणारा १९५० चा कायदा पुरोगामी होता, त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मालगुजाराच्या हातून सुटलेला तलाव गावाच्या हाती न येता सरकारी दप्तरात गेला. गाळ काढणारे हात थांबले, पाळी फुटल्या, पोटात अतिक्रमणे झाली, ढिवर समाजाची मासेमारी बुडाली. मालकी बदलली, पण लोकांची सत्ता आली नाही. सरकारीकरण म्हणजे समाजीकरण नव्हे, हा धडा समाजवाद्यांनी या तलावांकडून घ्यावा.

अतिवृष्टी आणि खंड या जोडसंकटावर, विशेषतः धानपट्ट्यात, या विखुरलेल्या साठ्यांइतके चोख उत्तर दुसरे नाही. लोंढ्याचा जोर गावोगाव विभागला जातो आणि खंडाच्या पंधरवड्यात रोवणी वाचते. महात्मा फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये पाणी जमिनीत मुरावे म्हणून ताली आणि बंधारे बांधण्याचा आग्रह धरला होता, आणि त्या कामी लष्कर व पोलिसांतील रिकामे हात लावावेत असे सुचवले होते. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना देशाला दिली. हात आहेत, तलाव आहेत, गरजही आहे. नाही ती फक्त राजकीय इच्छा, कारण गाळ काढण्याच्या कामात ८७ हजार कोटींचे कंत्राट निघत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी लोकांसमोर जायचे ते नेमक्या मागण्या घेऊन. पहिली मागणी पाण्याच्या उघड हिशेबाची. १५ ऑक्टोबरच्या साठ्यानंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होते; ती बंद दाराआड न होता लाभक्षेत्रात, लोकांसमक्ष व्हावी आणि पेंचचे पाणी कोणाला किती, याचा तक्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. दुसरी मागणी तुटीच्या न्याय्य वाटपाची. माणसांची आणि जनावरांची किमान गरज भागल्यावर उरलेली तूट सर्वांनी प्रमाणात सोसावी. शेतीचे पाणी उद्योगाकडे वळले तर त्याची भरपाई त्या उद्योगाकडून शेतकऱ्याला आणि शेतमजुरालाही मिळावी. तिसरी, जिल्ह्यात कोळशाचा एकही नवा संच नको आणि राखेच्या प्रत्येक बंधाऱ्याची नव्या पर्जन्यमानानुसार तपासणी व्हावी. चौथी, नागपूरचा पाणीपुरवठा पुन्हा महानगरपालिकेने चालवावा, झोपडपट्ट्यांना समान पाणी मिळावे आणि तलाव व नाल्यांची हद्द आखून ती पाळली जावी. पाचवी, माजी मालगुजारी तलावांची दुरुस्ती ग्रामसभा आणि मच्छीमार संस्थांच्या हक्कासह व्हावी. सहावी, संत्रापट्ट्यात भूजलाचा उपसा गावाने मिळून ठरवावा. त्यासाठीचा राज्याचा भूजल कायदा कागदावर आहेच.

हे स्वप्नरंजन नाही. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथे पाणी जमिनीच्या एकरांवर न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर दिले गेले. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा मिळाला आणि उसाला मज्जाव झाला. दुष्काळी तालुक्यात, तुटपुंज्या पाण्यावर, हे साधले. पाणी जितके कमी आणि अनिश्चित, तितके वाटपाचे तत्त्व कडक असावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

येत्या वर्षांत पाऊस आणखी बेभरवशाचा होणार आहे. तोतलाडोह एखाद्या वर्षी जूनमध्ये तळ दाखवील आणि सप्टेंबरात दरवाजे उघडील. प्रत्येक वेळी खुर्चीवरचा माणूस आकाशाकडे बोट दाखवणार. लोकांची नजर त्या बोटाबरोबर वर जाऊ न देता कालव्याच्या दरवाजाकडे, कराराच्या कागदाकडे आणि समितीच्या टेबलाकडे वळवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. ढगांवर कोणाची सत्ता नाही, पण धरणाच्या चाव्यांवर आहे. त्या चाव्या कोणाच्या हातात असाव्यात, हाच पाण्याच्या राजकारणातला पहिला आणि शेवटचा प्रश्न होय.